देवयानीच्या पसंतीची केस

प्रज्ञेश,

मी हॉस्पिटलला निघालेय, शिफ्ट संपवून आठला येईन. फ्रीजमध्ये वरण-भात आहे, दोघांना पुरेल.

तुझी देवयानी आज पीसी जोडायला हॅरोहून इथे साउथहॅम्प्टनपर्यंत येतेय, हे मला बाबांनी नागपूरहून फोनवर सांगितलं. तुझा पहिला कॉम्प्युटर मी जोडला होता. तेव्हा प्रोसेसर कोणता, रॅम किती, सगळं तू मला विचारायचास. या वेळी स्क्रूड्रायव्हर कुठे ठेवलाय एवढंच विचारलंस.

तुमची पार्ट्सची लिस्ट दहा दिवस फ्रीजवर लावलेली होती. तिने निवडलेली पीसीची पांढरी केस, म्हणजे बाहेरचा डबा, दिसायला छानच आहे. पण तुमचं ग्राफिक्स कार्ड त्या केसमध्ये मावणारच नाही, चांगलं तीन सेंटिमीटर लांब पडतंय. मला हे पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मुद्दाम बोलले नाही. चुकलं माझं.

मोठी केस आणून माझ्या कपाटामागे ठेवली आहे. ती घे.

पण लगेच काढू नकोस. आधी तिला अर्धा तास झटू दे.

ताई