टिटवीसाठी वळवलेली साखळी

बाबा, आज सुनावणी झाली आणि मी तोंडावर आपटले, तेही आपल्याच गावात, सगळ्या ओळखीच्या माणसांसमोर. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग विचारलं असतं, "लागलं तं नाही न वो?" लागलं नाही. उलट बरंच हलकं वाटतंय, म्हणून स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून तुम्हाला लिहायला घेतलंय. आई पलीकडे भाकरी थापतेय. तिला वाटतं मी ऑफिसचंच काहीतरी लिहितेय, आणि तसं ते थोडं आहेही.

तुम्ही गेलात तेव्हा मी शिकत होते, त्यामुळे मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. मी पुण्याला विद्यापीठात संशोधक आहे. जागा करारावरची, दर वर्षी वाढवून मिळते किंवा मिळत नाही. लहान गावांचे विकास आराखडे तयार होतात, म्हणजे कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाजार हे ठरतं, तेव्हा तिथल्या झाडांचा, पाखरांचा, नाल्यांचा विचार कसा व्हावा याचं धोरण आम्ही लिहितो. त्यासाठी गावातल्या प्रत्येक मोकळ्या जागेची नोंद करतो. तुम्ही ऐकून म्हणाला असता, "म्हंजे मोजणीच न?" हो बाबा, मोजणीच. तुम्ही उन्हात केली, मी पंख्याखाली करते, आणि मला त्यासाठी इंग्रजीत बोलावं लागतं.

तुमच्या मोजणी खात्यातले नकाशे अजून या घरात आहेत. बाद झालेल्या प्रती तुम्ही गुंडाळी करून आणायचात आणि आई त्या फडताळात डब्यांखाली अंथरायची. मला अक्षरं वाचता यायच्या आधी विहिरीची खूण वाचता यायची. तिखटाच्या डब्याखाली एक होती. मिठाच्या बरणीशी एक ओढा वळायचा आणि चहा-साखरेपर्यंत जाऊन कागदाच्या कडेला संपायचा. पुढे तो कुठे जातो म्हणून मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "पुढचा कागद सायबाच्या कपाटात हाये." पण रविवारी हाताला धरून तुम्ही मला तो ओढा शेवटपर्यंत दाखवून आणलात. माझ्या वर्गातल्या मुलींना खेळणी मिळायची. मला एक आख्खा ओढा मिळाला, आणि तेव्हा त्याचं मला काहीही वाटलं नव्हतं.

आणि तो बरडावरचा, त्या खडकाळ माळावरचा दिवस. मी दुसरीत किंवा तिसरीत असेन, उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्यात. आपल्या वस्तीमागच्या बरडाची मोजणी चाललीय आणि मी तुमचा डबा घेऊन येतेय. मोजणीदार साहेब छत्रीखाली खुर्चीत बसलेत. तुम्ही मोजणीची साखळी ओढायच्या आधी नेहमीसारखी काठी जमिनीवर आपटताय आणि ओरडताय, "सरका रे बाबांनो, साखळी येऊन राह्यली!" सापाला, सरड्याला, तिथं जे कोणी असेल त्याला ही सूचना. दुसरे शिपाई हसतात, तुम्हाला त्याचं काही नाही. मी कंटाळून म्हणते, "बाबा, कोणाले सांगता? इथं तं काहीच नाही."

तेवढ्यात डोक्यावर टिटवी किंचाळायला लागते. तुम्ही साखळी तिथंच टाकता आणि माझ्यावर ओरडता, "हालू नको! पाय उचलून धर!" आयुष्यात तुम्ही माझ्यावर एवढ्या मोठ्यानं कधी ओरडला नव्हता. मी एका पायावर उभी, डबा डुगडुगतोय, रडू यायच्या बेतात. तुम्ही येऊन माझ्याशेजारी उकिडवे बसता. "आता खाली पाह्य." मला खडेच दिसतात. मग त्या खड्यांतले चार खडे अंडी होतात. माझ्या चपलेपासून वीतभर लांब. "तुले कोनं सांगतलं काही नाही म्हून? काही नाही म्हनाच्या आंधी खाली बसून पाह्यत जाय."

साहेब छत्रीखालून ओरडले, "काय झालं रे?" तुम्ही म्हणालात, "साहेब, साखळी जराशी वळवून घ्या लागते. टिटवीची अंडी हायेत." टिटवी म्हणजे अपशकुनी पाखरू, साहेब वैतागले. "अंड्यासाठी साखळी वळवते का कोनी?" तेव्हा तुम्ही अगदी गरीब चेहरा करून म्हणालात, "अंड्यासाठी नाही साहेब. थे पाखरू तुमच्या छत्रीवर येऊन बसन, म्हून म्हनलं." साखळी वळली. त्या दिवशी मी तुमच्यावर रुसून संध्याकाळी जेवले नाही. ओरडलात म्हणून.

आता माझी गोष्ट ऐका. या कामात मी मेहकर, लोणार, डोणगाव सगळीकडे पायी फिरले. डोणगावात तर बाजाराच्या दिवशी लोकांनी मला जागा विकत घ्यायला आलेली बाई समजून भाव सांगितले. आणि आपलं गाव? ते मी खुर्चीत बसून भरलं. आपल्याच गावात जाऊन काय पाहायचं, मला सगळं पाठ आहे, असं वाटलं. संगणकावर वरून घेतलेला फोटो होता, त्यात बरड फिक्कट पांढरा दिसत होता. मी रकान्यात लिहिलं, 'रिक्त'. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. नगर परिषदेनं तो शब्द उचलला आणि आराखड्यात तिथं व्यापारी संकुल टाकलं.

मग हरकती आल्या. त्यांतल्या एकीवर अंगठा होता आणि कोणाकडून तरी लिहून घेतलेलं एकच वाक्य: 'सदर जागा रिकामी नाही.' अंगठा आपल्या शेळ्यावाल्या मावशीचा, जिचं दूध पिऊन मी वाढले. मी दुसऱ्याच दिवशीची बस धरली. काल सकाळी बरडावर गेले. बाभळीच्या बुंध्यांवर माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर गाळाची रेघ होती, सगळ्या झाडांवर एकसारखी. म्हणजे शेजारच्या नाल्याचं फुगलेलं पाणी इथं पसरतं, थांबतं, जिरतं. इथं भराव टाकून संकुल बांधलं की ते पाणी सरळ आपल्या वस्तीत शिरणार. एवढं कळायला विद्यापीठ लागत नाही. वाकून पाहावं लागतं, बस्स.

आमच्या विभागप्रमुखांना फोन केला. ते वाईट नाहीत, सावध आहेत. म्हणाले, "सुनावणीत आपण काही बोलायचं नाही. नंतर दुरुस्तीपत्रक पाठवू. तुमची मुदतवाढ पुढच्याच महिन्यात आहे, तेव्हा झाकली मूठ झाकलेलीच बरी." पण नंतर म्हणजे कधी? हरकतीचा निकाल आजच लागणार होता.

आज सभागृहात मावशी उभी राहिली. "रिकामी कोन म्हनते? पावसाळ्यात पानी तिथीच राह्यते म्हून आमच्या घरात नाही येत. ते बांधून टाकसान तं पानी कुठी जाईन?" समोरचे अधिकारी कागद चाळत म्हणाले, "आजी, ही जागा रिक्त असल्याचं विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी लिहून दिलंय. हरकत ग्राह्य धरता येणार नाही." तज्ज्ञ तिसऱ्या रांगेत बसली होती, बाबा.

मी उठले. म्हणाले, ती नोंद माझी आहे आणि ती चुकीची आहे. जागा न पाहता केलेली आहे. मागे कोणीतरी हसलं. मावशी वळून माझ्याकडे बघतच राहिली. "तू लिवलं का हे?" आणि इतकी वर्षं पुण्यात धुऊन-पुसून ठेवलेली माझी भाषा एका क्षणात परत आली. "हाव मावशी, मीच लिवलं. पाह्यलं नाही अन् लिवलं." ती म्हणाली, "तुया बापानं असं केलं नसतं." एवढंच, आणि खाली बसली. मला भर सभेत रडू आलं. मला बरंही वाटलं, कारण तुमची आठवण असलेलं आणखी एक माणूस त्या खोलीत होतं.

निकाल राखून ठेवलाय. जागेची पाहणी पावसाळ्यात, पाणी असताना करायची आणि मग ठरवायचं, असं त्यांनी लिहून घेतलं. म्हणजे साखळी तूर्त वळलीय. माझ्या मुदतवाढीचं काय होईल, माहीत नाही. विभागप्रमुखांचे फोन येऊन गेलेत, मी अजून उचललेले नाहीत. उद्या उचलेन.

एक सांगायचं राहिलं. काल बरडावर माझ्या डोक्यावर टिटवी ओरडली आणि माझा पाय आपोआप हवेत थांबला. बराच वेळ शोधलं, अंडी दिसली नाहीत. तरी मी आले त्याच पावलांवर पाय ठेवत मागे फिरले. एवढं मात्र तुमच्याकडून शिकले, बाबा, आणि त्याबद्दल मी तुमची फार ऋणी आहे. हे तुमच्या तोंडावर म्हटलं असतं तर तुम्ही लाजून बिडी शोधायला बाहेर गेला असता.

आई ताट वाढतेय, आवरतं घेते. हे पत्र टाकायला पेटी नाही. तिखटाच्या डब्याखाली विहिरीच्या खुणेवर ठेवीन. पण त्याआधी एक कबूल करते. या नोकरीसाठी मुलाखत झाली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, घरात या क्षेत्रातलं कोणी आहे का? मी जराही न थांबता म्हणाले, "नाही, कोणीच नाही."