मानियस सिनेटमध्ये बोलले तो महिना

डिसेंबर, इद्सला चार दिवस बाकी

काल्विडियस आला होता. सकाळी सकाळी, नुकताच धोब्याकडून आलेला टोगा आणि तोंडावर ते हसू. "वहिनी, तुम्ही अजून तशाच आहात हो!" पंधरा वर्षं या घराची पायरी चढला नाही. सिनेटमध्ये आमच्या ह्यांच्या, मानियसच्या, शेजारी बसायचा, तो उठून पुढच्या बाकावर गेला. आणि आज वहिनी!

मी पडद्यामागे उभी राहिले. राहिलेच. माझं घर आहे.

पुढच्या महिन्याच्या मध्यावर, इद्सच्या दिवशी, ‘त्यांचं’ भाषण आहे म्हणे. सीझरचे दत्तक चिरंजीव, बापामागे स्वतःलाही सीझर म्हणवतात, आता सातव्यांदा कॉन्सलच्या सर्वोच्च पदावर बसणारेत. खरं नाव मी या पानावरसुद्धा लिहीत नाही. सैन्य, प्रांत, सगळे अधिकार सिनेटला परत करणार. रोमचं राज्य रोमला परत!

"आणि मग?" मानियसनी विचारलं.

"मग आपण ते घ्यायचं नाही."

"आपण म्हणजे कोण?"

"सगळेच. पण आधी कुणीतरी उठायला पाहिजे ना. मी उठलो तर लोक तोंड दाबून हसतील. तू उठलास, तर कोण हसेल? फिलिपीच्या लढाईत त्यांच्याविरुद्ध ज्याचा मुलगा पडला तो बाप म्हणतोय, आम्हाला सोडून जाऊ नका!"

मग काल्विडियसचा आवाज खाली आला. "देकिमसला माफी मिळेल. मी बोललोय वर. मार्चमध्ये जहाजं सुरू झाली की पोरगा घरी."

देकिमस! माझा धाकटा. अॅक्टियमच्या लढाईत हरलेल्या बाजूच्या जहाजावर होता. एकोणीस वर्षांचा. तेव्हापासून रोड्स बेटावर लपून आहे, दुसऱ्याच नावाने. वर्षातून दोनदा लोकरीच्या गठ्ठ्यातून चिठ्ठी येते. चार वर्षं या घरात ते नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं.

मानियस म्हणाले, "विचार करतो."

इद्सला तीन दिवस

जेवले नाहीत. अंगणात फेऱ्या मारतायत.

इद्स

आज थोरल्या औलसच्या नावाने धूप जाळला. फिलेमाच पुटपुटली काहीतरी ग्रीकमध्ये. दोन्ही पोरांना तिनेच अंगावर पाजलं, तिचा हक्क आहे.

औलस चार वर्षांचा होता तेव्हा मानियस त्याला खांद्यावर बसवून मतदानाच्या मैदानात न्यायचे. "बघ, तो चांभार, तो लोहार, आणि हा तुझा बाप. प्रत्येकाच्या हातात एक पाटी. या पाट्या आहेत म्हणून आपल्याला राजा नाही." पोराला सगळं पाठ झालं होतं. घरी आल्यावर माझ्या भाकऱ्या पाट्या म्हणून गोळा करायचा आणि फिलेमाला कॉन्सल निवडायचा!

मग मोठ्या सीझरचा खून झाला, सत्तेसाठी सगळे एकमेकांवर उठले, आणि ते याद्यांचं वर्ष आलं. फोरममध्ये फळ्यांवर नावं लागायची. ज्याचं नाव लागेल त्याला कुणीही मारावं. समोरच्या घरातले म्हातारे व्हेक्टियस चुलीच्या मागे सापडले. मी पाहिलं ते कधीच लिहिणार नाही.

औलस बावीस वर्षांचा होता. दारात उभा राहून म्हणाला, "बाबा, एका माणसाचं राज्य आलं तर मला इथे राहायचं नाही. मी सैन्यात जातो."

मी नको म्हणाले. त्याच्या दंडाला धरलं.

मानियस म्हणाले, "जा."

तेवढाच एक शब्द. देहसुद्धा परत आला नाही. त्यानंतर पंधरा वर्षं हे सिनेटमध्ये शेवटच्या बाकावर बसतात. मत द्यायचं तर उठून त्या बाजूला जाऊन उभे राहतात. बोलले एकदाही नाहीत. लोक त्यांना ‘दगड’ म्हणतात. मला त्या नावाचा अभिमान वाटतो. वाटायचा. माहीत नाही!

सॅटर्नालियाचा पहिला दिवस

सणाची उलथापालथ, मालक नोकर आणि नोकर मालक. मानियसनी डोक्यावर लोकरीची टोपी घालून नोकरांना वाढलं. फिलेमा मालकीणबाईंच्या थाटात लोडाला टेकून: "काय रे मानियस, सॉसेज गार कशी? फटके हवेत का?" सगळे खो खो हसले. हे पण हसले. इतक्या दिवसांनी.

ते हसले म्हणून मला धीर आला. मागच्या ओट्यावर एकटे सापडले तेव्हा मी सरळ त्यांच्या पायाशी बसले.

"अहो, हो म्हणा त्याला."

मी त्यांचा हात धरला.

"औलसला तुम्ही जा म्हणालात. त्यानंतर मी तुम्हाला काही बोलले नाही. पंधरा वर्षांत एकदा तरी बोलले का? आता माझ्यासाठी एक करा. देकिमसला ये म्हणा."

रडत होते मी. लाज वाटत नाही मला त्याची.

ते म्हणाले, "तुला हे खरंच हवंय?"

"हवंय."

"लोक म्हणतील, म्हाताऱ्याने पोरापायी आपली जीभ विकली."

"म्हणू देत! कुठल्या आईला त्याचं वाईट वाटेल?"

डोक्यावरची ती टोपी काढून हातात गोल गोल फिरवली. "बरं," म्हणाले. "तुझ्यासाठी."

सॅटर्नालिया, तिसरा दिवस

देकिमसची खोली उघडली! गादी उन्हात घातली. उशीत उंदरांनी घर केलं होतं, फिलेमाने त्यांना शिव्यांची लाखोली वाहिली. मार्च म्हणजे अजून तीन महिने, तरी मी आजच झाडून घेतलं. मानियस दारात येऊन उभे राहिले. मी म्हटलं, "पलंग खिडकीपाशी ओढू का? त्याला उजेड लागतो." म्हणाले, "ओढ." आणि निघून गेले.

आता तो तेवीस वर्षांचा असेल. दाढी ठेवली असेल का?

जानेवारी, पहिला दिवस

नवं वर्ष. कॉन्सल तेच. घराघरांत अंजीर आणि मध वाटतायत.

जानेवारी, इद्स

आज झालं.

मी घरी थांबू शकले नाही. फिलेमाला घेऊन फोरममध्ये गेले. सिनेटचे दरवाजे उघडे होते, पायऱ्यांवर ही गर्दी! गरम हरभरे विकणारा एकजण ओरडत होता, "या, या, लोकराज्य परत येतंय, तोवर हरभरे खा!" त्याला कुणीतरी विचारलं, "मग आता खऱ्या निवडणुका का रे?" तो म्हणाला, "होणार की! माणूस ते आधीच ठरवून देतील, तुझा-माझा डोक्याचा ताप गेला!" लोक हसले. पहाऱ्यावरचे शिपाईसुद्धा हसले. त्यांना हसायला काय जातंय.

आतून एकाच माणसाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. मग तो थांबला. एकदम शांत. इतकं शांत की हरभऱ्याच्या कढईचा चर्र आवाज ऐकू आला.

आणि मग मानियस!

चाळीस वर्षं संसार केलाय. तो आवाज हजारांत ओळखेन. पण असा कधी ऐकला नव्हता. फाटलेला. लहान मूल गर्दीत हरवल्यावर हाक मारतं तसा.

"जाऊ नका! सीझर, आम्हाला सोडून जाऊ नका!"

मग दुसरा. मग दहा. मग सगळं सभागृह. पायऱ्यांवरचे लोकही ओरडायला लागले. बाजूची एक बाई पदराने डोळे पुसत होती, "बिचाऱ्याचा मुलगा तिकडून लढला होता हो, आणि तरी बघा!"

मी खांबाला धरून उभी होते. मनात म्हटलं, औलस, कान झाक. तुझ्या भावासाठी चाललंय हे.

मानियस दुपारी घरी आले. चेहरा सुजलेला. मी त्यांचे पाय गरम पाण्यात घेऊन धुतले. नोकराला करू दिलं नाही. म्हटलं, "तुम्ही काय दिलंत ते मला कळतं." त्यांनी डोळे मिटून घेतले. मला म्हणायचं होतं, औलसबद्दल मी तुम्हाला माफ केलं. ते म्हटलं नाही. पण केलं, आज केलं. पंधरा वर्षांनी.

इद्सनंतर तिसरा दिवस

सीझरना नवीन नाव दिलं. ऑगस्टस. पॅलाटाइन टेकडीवरच्या त्यांच्या घराच्या दाराला सरकारी खर्चाने विजयाच्या, लॉरेलच्या फांद्या लागल्या. काल्विडियस स्वतः सांगायला आला: "वहिनी, मानियसनी काय आसू काढले! नटसुद्धा काढणार नाहीत!" त्याला मध घातलेली वाइन दिली. देकिमसबद्दल विचारलं. "झालंच समजा."

जानेवारी संपायला सहा दिवस

देकिमस नाही.

इद्सला दोन आठवडे होते नव्हते एवढ्यात.

लिकोन म्हणून रोड्सचा एक लोकरवाला आहे, चिठ्ठ्या त्याच्याच गठ्ठ्यांतून यायच्या. समुद्र बंद म्हणून हिवाळा ओस्टिया बंदरात काढतोय. आज आला. मानियस बाहेर गेले होते. मला बघून जमिनीकडे बघत म्हणाला, "आई, मी आधीच यायला हवं होतं. हिंमत झाली नाही."

सप्टेंबरमध्ये ताप आला. नऊ दिवस. दहाव्या दिवशी... बंदराच्या वर एक टेकडी आहे, तिथे पुरलंय. खोट्या नावानेच. दाढी ठेवली होती का, मी विचारलं. त्या बिचाऱ्याला कळेना मी काय विचारतेय. म्हणाला, "हो. तांबूस होती."

त्याच्यासमोर रडले नाही. त्याला भाकरी, चीज, ऑलिव्ह वाढलं. तो खात होता आणि मी त्याचे हात बघत होते. या हातांनी माती लोटली असेल.

मानियसना सांगायचं कसं? नाही सांगणार. पंधरा वर्षांचं मौन मोडलं त्यांनी, साऱ्या रोमसमोर रडले, आणि कुणासाठी? चार महिन्यांपूर्वी गेलेल्यासाठी! हे कळलं तर तो माणूस एक दिवस जगणार नाही. मी विनवलं म्हणून केलं त्यांनी. पाप माझं. मीच वाहीन.

संपायला चार दिवस

कांदे चिरायला बसते. कुणी विचारत नाही मग. फिलेमाला कळलंय. शेजारी येऊन बसली, तीही चिरते. आज घरात इतके कांदे झाले की आचारी चिडला.

मानियस शांत आहेत. चांगले जेवतात. झोप लागते म्हणतात.

संपायला दोन दिवस

आज काल्विडियसचा निरोप आला: माफीचा कागद तयार आहे, देकिमसला कुठल्या बंदरात पाठवायचा ते कळवा. निरोप मानियसच्या हातात पडला. ते उत्तर लिहायला बसले. लिहू देऊ? खोट्या बंदराचं नाव? मला सहन होत नाही. उद्या सांगेन. उद्या नक्की.

फेब्रुवारी, पहिला दिवस

सांगितलं.

त्यांनी लेखणी खाली ठेवली. म्हणाले, "मला माहीत आहे. ऑक्टोबरमध्ये शेवटच्या जहाजाने लिकोनची चिठ्ठी आली होती. तुला सांगायचा धीर झाला नाही. त्याच्यासाठी गादी उन्हात घातलीस, तेव्हाही नाही."

"मग उठलात कशाला?" मी ओरडले. "कुणासाठी?"

त्यांनी कागद बाजूला सारला. मग हळूच: "परत याद्या नकोत, विबिडिया. भीती वाटत होती, सीझर खरंच निघून जाईल. मी मनापासून ओरडलो."