आखातावरची खिडकी

साउथहॅम्प्टन
१८ मे २०२५, रविवार

प्रिय शर्लीताई,

शालोम. ठाण्यात सगळे मजेत ना? दाजींचे गुडघे काय म्हणतात? इकडे दोन दिवस ऊन पडलंय, त्यामुळे अख्खं गाव अर्ध्या चड्डीत बाहेर.

ग्रीसला फिरायला गेलोय, आल्यावर सगळं वर्णन लिहीन, असं म्हणालो होतो. तर ऐक. गावाचं नाव थेसालोनिकी, जुने लोक सालोनिका म्हणतात. समुद्र डोंगरांमधून आत आत शिरत जिथे थांबतो, तिथे हे वसलंय. मागे चढण, चढणीवर घरं, खाली बंदर. हवा स्वच्छ असली की आखातापलीकडे ऑलिंपस दिसतो, माथ्यावर बर्फ. पश्चिमेला एका नदीचं खोरं लागतं, ते सरळ उत्तरेकडे जातं. तिथल्या मॅसिडोनिया, सर्बियावाल्यांना बिचाऱ्यांना समुद्रच नाही, त्यांचा माल याच दारातून आत-बाहेर. इकडे साउथहॅम्प्टनच्या डॉकवर माल उचलत होतो तेव्हापासून या पोर्टचं नाव ऐकतोय, पुढे स्वतःच्या धंद्यात कंटेनरही पाठवले. पण दोन हजार वर्षांहून जास्त काळ बंदर तिथेच का, ते आत्ता कळलं.

सांगणाऱ्या कतेरिनाबाई. यजमान पूर्वी बंदरात क्रेन चालवायचे. बाईंचं इंग्लिश माझ्या पहिल्या वर्षीच्या इंग्लिशसारखं, थोडे शब्द आणि बाकी हातवारे. मी ज्यू म्हटल्यावर म्हणाल्या, "इंडियाचा ज्यू? मग मी चायनीज!" मग सांगितलं, एके काळी हे पोर्ट शनिवारी बंद असायचं, कारण हमाल तुमचे, शब्बाथ पाळणारे ज्यू. हमाल, ताई, अगदी हाच शब्द! मी म्हटलं, आमच्या कोकणातही शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे. बाई खूप हसल्या, मग पुढचं सांगितलं. त्या हमालांना लढाईत जर्मनांनी गाड्यांत भरून नेलं. परत आले ते फार थोडे.

आता तू विचारशील, एवढं फिरलास, मग सगळं वर्णन एकाच खिडकीतून पाहिल्यासारखं कसं? तुझे कान माझ्याहून तिखट. फोनवर म्हणालीच होतीस, "योएल, मागे ते टीं टीं काय वाजतंय रे? हॉटेल आहे की हॉस्पिटल?" मी म्हटलं, लिफ्ट आहे.

लिफ्ट नव्हती. आधी हे वाच, की आता तो बरा आहे.

आपल्या झॅकचं जहाज तिथे लागलं होतं. ओल्या शिडीवरून पाय सटकला आणि पोरगा पाठीवर पडला. मणक्याचं ऑपरेशन झालं, पण नंतर पाय हलेनात. सर्जनबाई रोज एवढंच म्हणायच्या, थांबा. कतेरिनाबाईंचे यजमान शेजारच्या खाटेवर होते. मी बाईंना समुद्राचं, डोंगरांचं, सर्बियाचं विचारत राहायचो, कारण खिडकीबाहेर बघितलं नाही तर झॅकच्या पायांवरच्या चादरीकडे बघावं लागायचं.

तुला कसं सांगणार होतो? त्याची आई गेल्यावर तूच त्याला वाढवलंस. जहाजावर जातो म्हणाला तेव्हा दिवसभर जेवली नव्हतीस, आणि मला म्हणालीस, "तुझ्या भरवशावर पाठवतेय हं." प्रत्येक वेळी तुझा नंबर लावला की तेच ऐकू यायचं, आणि मी ऑलिंपसच्या बर्फाबद्दल बोलायला लागायचो.

मग एका सकाळी कतेरिनाबाई बंदराकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होत्या, मी ऐकता ऐकता त्याचे पाय चेपत होतो. एकदम ओरडला, "डॅडी, गुदगुल्या नको ना!"

ताई, मी मुद्दाम पुन्हा केल्या. कतेरिनाबाईंनी यजमानांच्या देखत माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. ते नुसते म्हणाले, "ब्राव्हो." आता मुक्यांना की झॅकला, कोण जाणे!

परवा घरी आलो. कुबड्या आहेत, फिजिओ चालू आहे, भूक तर विचारूच नकोस. एलियाहू हनाबीला मालिद्याचा नवस बोललोय. तो तुझ्याच घरी करायचा, जुलैत आम्ही दोघं येतो. पुन्हा जहाजावर जायचं की नाही, ते तो तुलाच विचारणार आहे. मी मध्ये पडणार नाही.

फोन न करता लिहिलं, कारण फोनवर "तो चालतोय" म्हटलं असतं तर तू म्हणाली असतीस, "लिफ्टवाल्या, तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?" म्हणून हे पत्र कोपऱ्यावरच्या लाल पेटीत तो स्वतः टाकणार आहे. मी बरोबर जाणार नाही, दारातच उभा राहणार. पाकीट तुझ्या हातात आलं म्हणजे समज, पोरगा तिथवर चालत गेला.

रागाव, पण बसून रागाव.

तुझा खोटारडा भाऊ
योएल