त्या दोघांत काय होतं

रवि., १ फेब्रु.
मुक्काम हॉलमधल्या दिवाणावर. प्लास्टर मांडीपर्यंत. मार्चपर्यंत पाय टेकवायचा नाही म्हणाले डॉक्टर. कुर्डुवाडीच्या खोलीला जिना, म्हणून ताईनं सोलापूरला आणून टाकलं. हॉलला दार नाही, पडदा आहे. तोही दाजी वर खोचून ठेवतात, वारा खेळावा म्हणून. ताई, दाजी, सुजाता, सगळ्यांची ये-जा माझ्यासमोरून. कूस वळवली तरी तिघांना कळतं.
दुपारी दाजींनी त्यांचा आवडता ट्रकवाला सिनेमा लावला. दोन ड्रायव्हर, एक दांडगा, एक हसरा. खाणमालकाशी वैर. शेवटी हसरा दांडग्याच्या मांडीवर जीव सोडतो. दाजी वीज कंपनीत लाईनमन, खांबावर चढताना भीत नाहीत, पण इथं दरवेळी रडतात.
सुजाता मधेच म्हणाली, "बाबा, ह्या दोघांचं प्रेम आहे एकमेकांवर." दाजी म्हणाले, हायच की. ती म्हणाली, तसं नाही. तसलं. दाजींनी टीव्ही थांबवला.
मी गोळी मागितली. दुखत नव्हतं.

मंगळ., ३ फेब्रु.
वाद मिटलेला नाही. सुजाताला कॉलेजात सिनेमावर काहीतरी लिहायचंय, त्यामुळे ती तयारीनिशी बसते. म्हणते, हिरोईन अख्ख्या सिनेमात तीनदा दिसते आणि त्यातलं दोनदा नुसती दार उघडते. दांडग्याला गोळी लागते तेव्हा हसरा शर्ट फाडून बांधतो, ठीक आहे. पण तो रक्ताचा शर्ट दांडगा नंतर धुऊन, घडी घालून पेटीत का ठेवतो?
दाजी : "आमच्या वेळी दोस्त गळ्यात हात टाकून अख्खा बाजार फिरायचे. कुणी काय म्हणत न्हवतं."
सुजाता : "म्हणत नव्हतं म्हणजे नव्हतंच, असं कुठंय?"
ताई आतून म्हणाली, नसता विषय बंद करा, माणूस आजारी आहे घरात.
हा सिनेमा मी आणि श्रीनिनं कितीदा पाहिलाय. कुर्डुवाडीच्या आमच्या खोलीवर, मोबाईल डब्याला टेकवून. शर्टाची घडी घालतो तिथं श्रीनि नेहमी उठून पाणी प्यायला जातो. तहान लागलेली नसते.

शुक्र., ६ फेब्रु.
ताईनं माझ्यासाठी स्थळ काढलंय. माळशिरसची मुलगी, नर्स. मंडळी इकडं येऊनच बघणार. ताई हसून म्हणाली, दरवेळी ड्युटीचं निमित्त सांगून निसटतोस, आता कुठं पळशील? सगळे हसले. मीही.
आई गेल्यावर ताईनंच वाढवलं. तिला नाही म्हणायला तोंड उघडत नाही. चौतिसावं चालू आहे, तिचंही चुकत नाही.
श्रीनिला सांगितलेलं नाही. मेसेज लिहिला, खोडला.

रवि., ८ फेब्रु.
श्रीनि येऊन गेला. नीट लिहितो.
सुट्टीला तो सोलापुरात आईकडं आला होता. आईनं केलेली शेंगाचटणी डब्यातून आणली. ताईला तो फार आवडतो. माझा रूमपार्टनर, रेल्वेत माझ्याच सेक्शनला सिग्नलवर, वळण चांगलं, वगैरे. दिवाणाच्या पायथ्याशी बसला. प्लास्टरवर हात ठेवला आणि लगेच उचलला.
दाजी घरातच होते. सुजातानं विषय काढला. श्रीनिला विचारलं, काका, तुम्ही पाहिलाय ना तो सिनेमा? तो म्हणाला, पाहिलाय. तुम्हाला काय वाटतं? तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मला कळत नाही त्यातलं. सुनीलला विचार." दाजी म्हणाले, बरोबर, मामाचा निकाल शेवटचा.
मी काहीही बोलून सुटू शकलो असतो. डोकं दुखतंय म्हणता आलं असतं. पण ताई चहा घेऊन उभी. माळशिरसचं ठरत आलेलं. आणि मला वाटलं, आत्ता गप्प बसलो तर सगळे माझ्याकडं नीट बघतील.
बोलायला लागलो आणि थांबेना. दोस्ती ती दोस्ती. हल्ली पोरांना सगळीकडं घाणच दिसते. घाण, हा शब्द मी वापरला. शर्टाचं काय, सुजातानं विचारलं. म्हटलं, गरिबाला कापड महाग, फाटका शर्टही जपतो तो, त्यात एवढं काय. दाजी हसले. ताई हसली.
श्रीनि कपातल्या सायीकडं बघत होता. चहा संपवला. बशी उचलून आत ठेवून आला. निघताना म्हणाला, "बरोबर बोललास." आवाज नेहमीचाच होता.
ताई म्हणाली, जेवून जा की. तो म्हणाला, ड्युटी आहे. उद्यापर्यंत ड्युटी नव्हती त्याला.

मंगळ., १० फेब्रु.
श्रीनिचा काही निरोप नाही. मी केलेले फोन वाजून बंद होतात.
सुजाता माझ्याशी तोडून बोलते. आज पाणी ठेवून वळली तेव्हा विचारलं, रागावलीस का? म्हणाली, "बाबांचं मत मला माहीतच होतं, मामा. म्हणून तर तुला विचारलं होतं."
एवढंच. तिनं काय ओळखलंय, किती ओळखलंय, विचारायची हिंमत

गुरु., १२ फेब्रु.
काही नाही. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले टॉवेल. पांढऱ्यामागं पांढरा.

रवि., १५ फेब्रु.
माळशिरसची मंडळी आली. जयभीम झाला, पोहे झाले. मला उठता येईना म्हणून सगळे माझ्याभोवती खुर्च्या टाकून बसले. मुलगी पाहायला जायचं असतं, इथं मीच मांडलेला.
मुलीच्या वडलांनी विचारलं, कुर्डुवाडीत एकटे राहता? ताईच म्हणाली, एकटा कुठला, श्रीनिवास आहे ना, भावासारखा. लग्नानंतर तो दुसरी खोली बघेलच. वडील म्हणाले, ते तर आलंच.
दोन वाक्यांत खोली रिकामी झाली.
दोघांना थोडं बोलू द्या म्हणून सगळे आत गेले, पडद्याआड. मुलीचं नाव वैशाली. तिनं प्लास्टरच्या कडेला बोट घालून पाहिलं, घट्ट होतंय का ते. म्हणाली, "रात्री ठणकतं का? सूज आली तर लगेच सांगा घरात." माणूस चांगलं. तिचं वाटोळं माझ्या हातून व्हायला फार काही करावं लागणार नाही. नुसतं गप्प बसलं की झालं.
त्यांची पसंती संध्याकाळीच कळली.

बुध., १८ फेब्रु.
ताई मंडईत, सुजाता कॉलेजला. दाजी मला स्पंज करायला बसले. रोज तेच करतात, मला अजून लाज वाटते. पाठ पुसता पुसता म्हणाले,
"त्या दिवशी तू माझ्या बाजूनं बोललास."
म्हटलं, हो.
"मला बरं न्हाई वाटलं."
मी मान वळवायला गेलो, त्यांनी खांदा दाबून धरला. म्हणाले, सुजी म्हणती ते मला दिसत न्हाई असं न्हाई. वीस वेळा बघितलाय मी तो सिनेमा. पण मी व्हय म्हणून काय करू? पोरीला खरं वाटतंय ते वाटू दे. "तो तुझा दोस्त मात्र चपला घालताना भिंतीला धरून उभा होता. मी बघितलं."
मग टॉवेल पिळत म्हणाले, माळशिरसवाल्यांना रविवारी शब्द द्यायचाय. तुझी ताई देऊन टाकील. तुला काय म्हणायचंय ते म्हण. व्हय म्हण, न्हाईतर न्हाई म्हण. आडवा पडून ऱ्हाऊ नको.
त्यांना काय कळलंय? विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. शर्टाची बटणं मात्र त्यांनीच लावून दिली.

शुक्र., २० फेब्रु.
ताईला सांगितलं, माळशिरसला नको कळव. तिनं विचारलं, मुलीत खोट काय? म्हटलं, काही नाही. मग नोकरीत? नाही. मग तुझ्यात? ती चिडून म्हणाली होती, पण विचारल्यावर तीच घाबरली. मी म्हटलं, मला लग्न नको आहे, ह्या मुलीशी नाही, कुणाशीच नाही.
ताई रडली. आईचं नाव काढलं. लोकांना काय सांगू म्हणाली. दाजी म्हणाले, मी सांगतो की, पायाचं काही खरं न्हाई म्हणून. ताई त्यांच्यावरही ओरडली.
तेव्हापासून माझं ताट ती देते, पण थांबत नाही.

रवि., २२ फेब्रु.
सकाळी श्रीनिला सुजाताच्या फोनवरून लावला. तिनं स्वतःहून दिला आणि बाहेर गेली. त्यानं उचलला. ताई स्वयंपाकघरात मिक्सरवर चटणी वाटत होती. त्या आवाजावर भरवसा ठेवून मी बोललो.
म्हटलं, मी त्या दिवशी बोललो ते खोटं होतं. सगळं. शर्टाचंही.
त्याच्या मागं गाडीचा भोंगा ऐकू आला, म्हणजे यार्डात होता.
मग म्हणाला, "खोटं होतं ते मला माहितीय, सुनील. पण किती सफाईनं बोललास."
मी म्हटलं, स्थळाला नाही म्हणालोय. त्याला स्थळाचंच माहीत नव्हतं. तेही सांगावं लागलं. प्लास्टर निघालं की खोलीवर येतो म्हटलं. ये म्हणाला नाही, येऊ नको म्हणाला नाही. विचारलं, जिना चढशील कसा?
म्हटलं, तू धर.
हे मिक्सरवर ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोललो. माझाच आवाज मला घरभर ऐकू आला. मिक्सर बंद होता. कधी बंद झाला, कळलं नाही. पडदा वर खोचलेला, आणि ताई ओट्यापाशी पाठमोरी उभी, भांड्याचं झाकण हातात. वळली नाही.