नेसेसरी आणि इम्पॉर्टंट

गुरुजी, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी इंग्रजीचं काही अडलं की अजून तुमचीच आठवण येते. आठवीतून शाळा सुटली, त्यामुळे अडतंही फार. आता दोन शब्द आठवडाभर डोक्यात घोळतायत आणि विचारावं असं कुणी उरलेलं नाही.

झालं असं, की मुलानं विहिरीवरच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला. श्रीगोंद्याच्या बाजारात उभं राहून फोन लावला, की इकडे लिंबांना पाणी सुरू. आजवर मोटरीचं बटण मीच दाबत आलो. लाईट येईल, जाईल, या धास्तीत माझे दिवस गेले. मुलगा म्हणाला, "आबा, तुमी इम्पॉर्टंट हायेतच, पन आता हिरीवर जाणं नेसेसरी न्हाई." चांगल्या मनानंच बोलला तो. मी मात्र तिथंच अडकलो. दोन्हींचा अर्थ मी 'महत्त्वाचं' असाच धरून चाललो होतो. मग एक असताना दुसरं नाही, हे कसं?

लेकीची मुलगी सावेडीला राहते, कॉलेजात जाते. तिला फोन केला, तर तिनं आणखीच भर घातली. इसेन्शियल, सिग्निफिकंट, क्रुशियल, व्हायटल. मी म्हटलं, "यातला मोठा कोणता गं?" तर म्हणते, "आबा, परीक्षेला बसताय का काय?" आणि हसत सुटली. गुरुजी, एका महत्त्वाला एवढे शब्द कशाला लागत असतील त्या लोकांना? का त्यांनाही माझ्यासारखाच घोर लागत असेल, की आपण नक्की कशात मोडतो?

नेसेसरी आणि इम्पॉर्टंट यांतला मोठा कोणता, हे मी तुम्हालाही विचारलं होतं. शाळेमागची तुमची खोली, स्टोव्हचा आवाज, कढईत पिठलं रटरटतंय आणि मी दूध द्यायला येऊन दारात उभा. तुम्ही खेकसलात, "शब्दांच्या कुस्त्या लावतो व्हय रे? कुठला कुठं बसतो ते बघ!" मग मला खाली बसवून त्या पिठल्यात मीठ न घालताच वाढलंत. "झालं का पिठलं?" "झालं, गुरुजी." "मंजी मीठ नेसेसरी न्हाई. खा आता." मी एक घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. तुम्ही मिशीत हसलात. "गिळवत न्हाई ना? इम्पॉर्टंट हाय ते. आन् बेसनच न्हाई घातलं तर?" "तर नुसतं पाणी, गुरुजी." "ते नेसेसरी."

तेव्हा पटलं होतं, पुढं विसरून गेलो, ते या आठवड्यात आठवलं. पण आता डॉक्टरनं बीपीसाठी माझं मीठ जवळपास बंदच केलंय. पहिले काही दिवस घास तोंडातच फिरायचा. आता बिनमिठाचं पिठलं मुकाट्यानं खातो, दुसरी भाकरीही मागतो. म्हणजे सवय झाली की इम्पॉर्टंट असलेलंही सुटतं का हो? हे त्या दिवशी विचारायचं राहिलं.

काल संध्याकाळी मी विहिरीवर गेलो आणि तिथंच बसून राहिलो. अंधार पडायला आला तसा मुलगा बांधावरून हाका मारत आला. "आबा! आवो, मोटर तर कवाच बंद केली मी. चला, ताटं वाढल्यात." घरी आलो तर त्याचं ताट तसंच झाकलेलं. मी म्हटलं, "तू जेवायचं ना." तो म्हणाला, "भूक न्हवती." आणि तीन भाकरी खाल्ल्या.

याला कोणता शब्द बसतो, गुरुजी? नातीला विचारलं असतं, पण तिला सगळंच सांगावं लागलं असतं. तुम्हाला सांगायला हरकत नाही, हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाहीच. मोटर बघायला मी गेलोच नव्हतो. मला बोलवायला कुणी येतं का, ते बघत बसलो होतो.