मोटारीवरचा हात

वस्ताद, पत्र लिहायला फार उशीर झाला, माफ करा. दुखणं घेऊन वैरागला लेकीकडे निघालात त्या दिवशी तुम्ही एसटीच्या खिडकीतून सांगितलं होतं, "कार्ड टाक की. दुकान कसं चाललंय, कुठली मोटार आली, कळव." मी मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी पाच कार्डं आणलीसुद्धा. पण माझी शाळा सहावीपर्यंतची, अक्षर कोंबडीनं माती उकरल्यासारखं, आणि ते तुमच्या जावयांनी तुम्हाला वाचून दाखवायचं, याची लाज वाटायची. आज लिहू, उद्या लिहू म्हणत चार महिने गेले आणि मग तुमचीच बातमी आली. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली. कार्डं फळीवर तशीच होती, ती वाळवीनं खाल्ली. आज लिहितोय ते एक गोष्ट विचारायची आहे म्हणून. दुसऱ्या कुणाला ती विचारता येत नाही. बायकोला सांगितलं तर ती जेवायची नाही, आणि पोराला सांगितलं तर तो हसेल.

दुकान तिथंच आहे. छपराचे पत्रे बदलले, बाकी तुमचंच टेबल, तुमचाच व्हाइस. काम तुम्ही शिकवलंत तसंच करतो. जळालेली विजेची मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार काढायची, तिचे वेढे मोजायचे, तेवढेच वेढे नव्या तारेचे भरायचे, वार्निश पाजायचं, वाळवायचं. मोजताना अजून ओठ हलतात. पोर म्हणतो, बाबा, आता मशीनवर आकडा दिसतो, तुम्ही कशाला पुटपुटता. पण मला आकड्याचा भरवसा वाटत नाही. मला कशाचाच भरवसा वाटत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. कुलूप लावून तीनदा ओढून बघणारा मी, तुम्ही म्हणायचात, "तुला चोर न्हाय नेणार बे, तुझी काळजीच नेईल."

तो टॉवेलचा कारखाना आठवतो का, ज्याच्या दारात कडुनिंब होता? म्हातारे मालक स्वतः दुकानात येऊन मोटारीला नमस्कार करून पैसे द्यायचे. आता तिथं त्यांचा नातू बसतो. कडुनिंब तोडून काचेचं ऑफिस केलंय. पोरगा वाईट नाही, उठून उभा राहतो, काका म्हणतो, चहा पाजतो. फक्त पैसे देत नाही. चौदा महिन्यांत माझी अकरा बिलं त्याच्याकडे अडकली. पहिल्यांदा म्हणाला, हातानं लिहिलेलं बिल चालत नाही, छापील पाहिजे. छापील नेलं. मग म्हणाला, जीएसटी नंबर नाही, अकाउंटवाला घेत नाही. माझा धंदा केवढा, त्याला नंबर कुठला? मग त्यालाच सांगितलं, तूच सांग बाबा काय करायचं ते. म्हणाला, "मेलवर टाका काका." सुनेनं मेलवर टाकलं. पुढच्या सोमवारी गेलो तर अकाउंटवाला गावाला गेलेला. त्याच्या पुढच्या सोमवारी मालकच एक्स्पोर्टच्या मीटिंगला. शेवटी एकदा सापडला तर हसून म्हणतो, "टेन्शन कशाला घेताव काका? आमी काय पळून चाललो का? तुमचे पैसे माझ्याकडं हायत म्हंजे बँकेतच हायत की." मी म्हणालो, बँकेतनं काढता तरी येतात. तो मोठ्यानं हसला आणि आणखी एक चहा मागवला. काचेच्या त्या खोलीत मी दुसरा चहा पीत बसलो आणि मला वाटलं, अकरा बिलांचा मी एवढा चहाच प्यायलो.

तुम्ही म्हणाल, मोटार अडवून ठेवायची होतीस. नाही, तुम्ही तसं कधी म्हणणार नाही. तुमचाच नियम होता की मोटार अडवायची नाही. माग बंद पडला तर मालकाचं काही जात नाही, मागावरचा कामगार तेवढे दिवस हात बांधून बसतो, त्याला जेवढं विणलं तेवढाच पगार. हे मी कधी मोडलं नाही. मी मोडलं ते दुसरंच.

दिवाळीनंतर तारेच्या दुकानदारानं हात जोडले. म्हणाला, मागचं थोडं तरी द्या, मग तांबं न्या, मलाही वरनं दम हाय. त्याची चूक नाही. आणि त्याच आठवड्यात कारखान्यातून टेंपोत घालून एक मोटार आली, एक हॉर्सपॉवरची, जळून कोळसा झालेली. सोबत निरोप, उद्या पाहिजे, ऑर्डर अडलीय. पैशाचा शब्द नाही. घरात तांब्याची तार नव्हती. हातात होते तेवढ्या पैशात ॲल्युमिनियमची तार आली. हल्ली पुष्कळ लोक भरतात, वरून वार्निश चढलं की ओळखू येत नाही, मोटार फिरते, आवाजही बरा येतो. फक्त तापते. तांब्याच्या जागी तेवढ्याच जाडीचं ॲल्युमिनियम म्हणजे मोटार तापणारच, हे तुम्ही मला पहिल्या वर्षी सांगितलं होतं. मी भरली. तुम्ही दिलेलं गेज, ती कडेला खाचा असलेली पोलादी चकती, टेबलावरच असते. तार तिच्या खाचेत घालून बघितल्याशिवाय मी कधी एक वेढा घातला नाही. त्या दिवशी मी गेज ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ड्रॉवर लावला. जणू तिला दिसलं असतं.

ते गेज तुम्ही मला का दिलंत, ते मी विसरलेलो नाही. पिठाच्या गिरणीची मोटार होती. तुमची नजर कमी होत चालली होती, पण तुम्ही कुणाला सांगत नव्हता. मोटार देऊन आल्यावर दुसऱ्या दिवशी उरलेली तार गुंडाळताना तुम्ही ती बोटात धरून थांबलात. मला म्हणालात, गेज लाव. एक नंबर बारीक निघाली. तुम्ही टोपी घातलीत आणि निघालात. मी मागून. गिरणीवाला दळत होता, सगळा पांढरा. तुम्ही मोटारीच्या पाठीवर हात ठेवलात आणि मोजू लागलात. दहा म्हणेपर्यंत हात टिकला तर मोटार निरोगी, त्याआधी उचलावा लागला तर आजारी. तुम्हाला हात आठवर उचलावा लागला. तुम्ही गिरणीवाल्याला सांगितलंत, "माझी चूक झाली. तार बारीक पडली. मोटार काढ, मी फुकट भरून देतो." तो माणूस सहा महिने पैसे द्यायचं टाळत होता. त्याला आयतंच सापडलं. चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "म्हातारपणी लबाडी सुचली व्हय वस्ताद? मग मागचं बी असंच भरलं असशील." मागचं सगळं बुडवलं त्यानं. परत येताना मी चिडून म्हणालो, कशाला सांगितलंत, कुणाला कळलं असतं? तुम्ही चालता चालता म्हणालात, "माझ्या हाताला कळलं की. त्याच हातानं जेवायचं हाय."

त्या शनिवारी तुम्ही माझा पगार पुरा दिलात. मी डबा द्यायला तुमच्या घरी गेलो तेव्हा काकूंनी मला स्वयंपाकघरात बसवून भाकरी वाढली. भाकरी, शेंगाची चटणी, बाजूला पाणी. आमटीचं पातेलं पालथं होतं. काकू म्हणाल्या, आज वस्तादांना कोरडंच खावंसं वाटलं. तुम्ही भाकरी चुरत राहिलात. जेवून उठताना गेज माझ्या ताटाशेजारी ठेवलंत आणि म्हणालात, "आता तुझे डोळे." मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. मला वाटलं, मोठं बक्षीस मिळालं.

तर ती मोटार आता मागाखाली फिरते आहे. दोन महिने होत आले. मी रोज काहीतरी निमित्त काढून कारखान्यात जातो, बिलाचं काय झालं विचारायला आलो म्हणतो आणि शेडमध्ये शिरतो. माग चालू असताना कापसाचा भुसा सगळीकडे उडतो, तुम्हाला माहीत आहे, मोटारीवर त्याची दुलई बसते, पेटायला एक ठिणगी पुरते. मी खाली बसतो, भुसा पुसतो, हात ठेवतो, मोजतो. पहिल्या आठवड्यात दहापर्यंत जात होतो. मग नऊ. त्या मागावरचा कामगार माझ्यापेक्षा थोडा लहान आहे, घरी तेलुगू बोलणारा, तोंडानं फटकळ. पहिले काही दिवस बघत राहिला, मग म्हणाला, "काय काका, रोज रोज. मोटारला हात लावला की पैसे गळतेत व्हय?" मी म्हणालो, बघतो जरा. तो म्हणाला, "मालकाच्या खिशाला हात लावा की. ही गरीब हाय, हिच्याकडं काय न्हाय."

दुपारी तो त्याच मागाशेजारी टॉवेलच्या गठ्ठ्यावर डोकं टेकून पडतो. वरच्या मजल्यावर मालकाचे दोन चुलते बायकापोरांसह राहतात, जिना शेडमधूनच आहे. हे सगळं मी आधीही बघितलेलं होतं, पण आता दिसतं. परवा मी त्याला म्हणालो, इथं झोपत जाऊ नका, तिकडं दाराजवळ वारा लागतो. तो उठलाही नाही. म्हणाला, "शेजारच्या मागाची मोटार दुसऱ्याकडनं भरलेली हाय. तिच्याजवळ असतो तर पाण्याची बादली उशाला घेतली असती. तुमच्या हातची हाय म्हणल्यावर झोप लागती की." मी भुसा पुसला आणि घरी आलो. त्या दिवशी भाकरी डाव्या हातानं मोडली. बायकोनं विचारलं, हाताला काय झालं, तर म्हणालो, चटका बसला.

माझ्या मनात काय काय येतं ते तुम्हाला सांगतो. एकदा वाटलं, बेअरिंग वाजतंय असं सांगून मोटार आणावी, गुपचूप तांबं भरावं, नेऊन बसवावी. कुणाला कळणार नाही. एवढं ठरवून निघालोसुद्धा, पण अर्ध्या रस्त्यात तुमची टोपी आठवली. गिरणीकडे जाताना तुम्हीही म्हणू शकला असता, बेअरिंग वाजतंय. तुम्ही म्हणाला नाहीत. आणि खरं सांगितलं तर तो पोरगा काय म्हणेल तेही मला पाठ आहे. तो ओरडणार नाही. चहा मागवेल आणि हसत म्हणेल, बघा काका, आणि तुमी मला बिलं मागत होता. अकरा बिलं गेली. त्या पैशात बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं, तिला आता सुईत दोरा ओवता येत नाही, आणि दारात कोण आलं ते आवाजावरून ओळखते. पोराकडे मागितले तर तो देईल, पण त्याचं त्यालाच पुरत नाही, आणि का लागले ते सांगावं लागेल. शिवाय शहरात शब्द पसरायला वेळ लागत नाही. चाळीस वर्षं लोक म्हणतात, वस्तादांच्या हाताखालचा आहे. ते तुमच्यावर जाईल.

आज हात सहावर उचलावा लागला. पुन्हा ठेवला, पुन्हा सहा. कामगार जेवायला बसला होता, म्हणाला, "पास झाली का नापास?" मी हसलो. मला हसता आलं याचीच भीती वाटते.

हे पत्र टाकायचं कुठं? वैरागला तुमच्या लेकीच्या घरी आता कोण राहतं, मला ठाऊक नाही. घडी करून ड्रॉवरमध्ये गेजखाली ठेवीन. पण ठेवण्याआधी वर एक ओळ लिहिली आहे ती दुरुस्त करतो. तांब्याची तार नव्हती असं मी लिहिलं. दुकानदारानं दिली नाही हे खरं, आणि बायकोला, पोरालाही मी हेच सांगितलंय. पण टेबलाखालच्या लाकडी पेटीत एक रीळ होतं, त्या मोटारीला पुरून उरलं असतं एवढं. अजून आहे. मी पेटी उघडली होती, रीळ हातात घेतलं होतं, आणि कारखान्यातल्या पोरग्याचा तो दुसरा चहा आठवून परत ठेवलं.

सकाळी कारखाना सुरू व्हायच्या आत, मोटार थंड असताना, रीळ घेऊन जायचं ठरवलंय. आधी त्या कामगाराला सांगीन, मग मालकाला. फक्त पहिलं वाक्य काय बोलायचं ते सुचत नाही. तुम्ही गिरणीत कसं पटकन बोललात. वस्ताद, मी तुम्हाला कार्ड टाकलं नाही, त्याचा राग धरू नका. कसंही करून लवकर कळवा. कारखाना आठला उघडतो.