त्या दुपारची दोन विमानं

अण्णा,

हे लिहायचं मी किती वर्षं टाळलं, ते सांगायची लाज वाटते. वही चारदा घेतली. एक गेवराईच्या ढाब्यावर राहिली, एक मोबाईलचे टॉवर रंगवायला गेलतो तिथं मुकादमानं मागून घेतली, बाकीच्या दोन कुठं गेल्या देव जाणे. तुम्ही असता तर म्हणाला असता, "वह्यांचं नको सांगू, तुझं सांग." सांगतो. आज सुट्टी आहे, खोलीतली पोरं बाजाराला गेलीत, आणि मला तुमच्यावर संशय आहे. तुम्हाला जाऊन दहा वर्षं होत आली, तरी तो जात नाही.

मी सध्या हैदराबादला विमानतळावर आहे. विमानाच्या पोटात लोकांच्या बॅगा भरतो. तुम्ही ज्यांचं नुसतं बोलणं ऐकलं, त्यांना मी रोज हात लावतो. यात मोठेपणा काही नाही. ठेकेदाराचं काम आहे, आज हे, उद्या दुसरं. पण विमान जवळून लई गरम असतं, हे तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. उतरल्यावर चाकांकडून अशी धग येते, की आपल्या घाटातला दुपारचा दगड आठवतो. आणि घाट आठवला, की पुढचं सगळं येतंच.

त्या दुष्काळात सहकारी कारखान्याचं धुराडं पेटलंच नाही. ऊसच नव्हता. संचालकांनी आवारात जनावरांची छावणी उघडली, आणि उसाच्या गाड्या बोलवायच्या तुमच्या वायरलेसवर पाण्याचे टँकर अन् चाऱ्याचे ट्रॅक्टर बोलवायची पाळी आली. घाट एका गाडीपुरता. वरची गाडी थांबवायची, खालची सोडायची, ती निघाली की वरची सोडायची. गाडीगाडीत वायरलेसचा सेट, आणि हे सगळं तुमच्या एका आवाजावर. त्याच टेबलावर तुमचा दुसरा डबा, रेडिओचा, असायचा. औरंगाबादच्या जुन्या बाजारातून आणलेला, तारा बदलून विमानवाल्यांचं बोलणं पकडणारा. पायलट स्वच्छ ऐकू यायचे. त्यांना सांगणारा खालचा माणूस ऐकू यायचा नाही, तो लांब कुठंतरी. टेलिफोनवर एकाच बाजूचं बोलणं कानावर पडावं तसं तुम्ही उत्तरांवरून हुकूम ओळखायचात.

तिथनंच तुम्ही तो कायदा आणला. कुणी नुसतं "हा अण्णा" म्हणायचं नाही. गाडीचा नंबर सांगायचा आणि काय ऐकलं ते परत म्हणून दाखवायचं. "एवढी शिकलेली माणसं परत म्हणून दाखवत्यात," तुम्ही म्हणायचात, "तुमाला काऊन जड जातं?" जड जायचं, अण्णा. आपल्याकडं मोठ्या माणसानं सांगितलं की हा म्हणायचं. परत म्हणून दाखवणं म्हणजे एकतर उलट बोलणं, नाहीतर पहिलीतलं पोर होणं. ड्रायव्हर लोक हसायचे. "मास्तर, आज पाढे घेणार का नुसती हजेरी?" आणि मी, बारावी सोडून नुकताच ट्रॅक्टरवर बसलेला, ऑपरेटरचा पोरगा, माझ्यावर सगळ्यात जास्त हसायचे.

म्हणून त्या सकाळी चहाच्या टपरीवर सगळ्यांदेखत मी तुमच्यावर ओरडलो. "मी काय बालवाडीत हाय का? बाकीच्यांचं घ्या वदवून. मला नुसत्या 'हा'वर सोडा." तुम्ही बशी खाली ठेवली. "बरं," म्हणालात. एवढंच. तुमचं ते "बरं" मला अजून उलगडलेलं नाही.

दुपारी मी चारा भरून घाटाच्या डोक्यावर आलो. टेप मोठ्यानं चालू. वायरलेसवर तुमचा आवाज आला, त्यातलं शेपूट तेवढं कानात पडलं. मी "हा अण्णा" म्हणालो आणि ट्रॅक्टर खाली सोडला. तुम्ही "परत म्हण" म्हणाला नाहीत. तिसऱ्या वळणावर समोर टँकर. मी ब्रेकवर उभाच राहिलो. टँकरवाल्यानं गाडी मागं घेतली, मागचं चाक कडेवरून उतरलं आणि गाडी चरात लवंडली. त्याचा पाय आत चेंगरला. तो ओरडत होता, आणि मी पाण्याकडं बघत होतो. एवढं पाणी, दगडावरून वाहत चाललेलं. पुढं दोन दिवस छावणीत जनावरं हंबरत होती.

चौकशीला तुम्ही उभं राहून बोललात. खुर्ची कुणी दिली नाही. "सायेब, चूक माझी हाय. मी विमानांचं ऐकत होतो. दोन विमानं एकाच उंचीवर समोरासमोर आलती. दोगं बी पायलट एकदम बोलले, आवाज एकमेकांत घुसले आन् नुसती शिट्टी वाजली. खालच्याला एकाचं बी कळलं नसंल. मंग एकजण घाबऱ्या आवाजात वळतो म्हणला. माझा जीव तिकडं लागला. तवर इकडचा 'हा' मी तसाच जाऊ दिला."

एक संचालक हसला. "विमानं बी आता आपल्याच घाटातनं जायला लागली का?"

दुसरा हसला नाही. "पगार कारखान्याचा, आन् कान कुणाला विकलाय बे तू?"

वयानं तो तुमच्या लेकरासारखा होता. मग त्यांनी मला विचारलं, ऑपरेटरनं काय सांगितलं होतं? मी म्हणालो, "थांब म्हणून काय सांगितलं न्हाई." आणि तुम्ही मान हलवलीत. होय, न्हाई सांगितलं, अशी.

तुमची नोकरी गेली. गावात लोक म्हणायला लागले, कानाला डबा लावून हा कुणाला काय कळवत होता कुणास ठाऊक. आयुष्यात कोयता न धरलेला माणूस, पन्नाशीत ऊसतोडीला गेलात. तिथं कोपीवर, पाचटाच्या झोपडीपाशी, एकदा मी विचारलं, "अण्णा, विमानं खरंच होती का?" तुम्ही मोळी बांधता बांधता म्हणालात, "होती म्हणलं ना." तिथंच माझा संशय पक्का झाला. खरी गोष्ट तुम्ही दोनदा सांगायचात, रंगवून, हातवारे करून. ही एकदाच सांगितली होती, संचालकांपुढं.

म्हणजे दोनच गोष्टी होऊ शकतात. एक तर विमानं होती, आणि त्यांच्या नादात तुमच्याकडून माझा 'हा' सुटला. नाहीतर विमानं नव्हतीच. मी सकाळी सांगितलं म्हणून तुम्ही मला 'हा'वर सोडलं, आणि नंतर पोराचं नाव येऊ नये म्हणून आभाळातनं दोन विमानं आणून उभी केलीत.

गेल्या आठवड्यात मी धाडस केलं. इथं कर्मचाऱ्यांच्या टपरीवर, विमानांना खालून हुकूम देतात त्या टॉवरमधले एक साहेब येतात, मूळचे परभणीकडचे. विमानं जवळ आली की त्याची चौकशी होते, कागद राहतात, असं त्यांच्याच बोलण्यातून कळलं होतं. मी तो उन्हाळा सांगितला, जागा सांगितली, शिट्टीचं सांगितलं. त्यांनी कप तसाच ठेवला. "हे तुला कुणी विचारायला लावलं?" म्हटलं, कुणी नाही. "मग सामान भरणाऱ्याला याचं काय करायचंय?" माझ्या गळ्यातला पास उलटा करून त्यांनी नंबर वाचला, हळूहळू, पाठ करावा तसा. तेव्हापासून रोज गेटवर माझी बॅग दोनदा तपासतात, की मलाच तसं वाटतं, कळत नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. अण्णा, तुमचं खरं निघावं म्हणून मी त्या साहेबांना विचारलं नाही. विमानं निघावीत, म्हणजे चूक तुमची ठरेल, म्हणून विचारलं. आणि तुम्ही मला थांब म्हणाला होतात की नाही, हे मला आजही ठाऊक नाही, कारण मी ऐकतच नव्हतो. हे मी आईलाही सांगितलेलं नाही. हे पत्रही कुणाला दाखवणार नाही.

खालून घरमालक हाक मारतोय, कुणीतरी आलंय म्हणून. खिडकीतून बघितलं. टॉवरवाले साहेब आहेत. एकटेच, साध्या कपड्यात, आमच्या या गल्लीत. सोबत पोलीस नाही, हातात कागदही दिसत नाही. जिन्याखाली चपला काढतायत. चौकशीला आलेला माणूस चपला काढत नाही, अण्णा; हे काहीतरी सांगायलाच आलेत.